प्रत्येक बगामागे एक टेस्ट: छोट्या टीमने टेस्टिंगची घडी कशी बसवावी

१ एप्रिलला सकाळी साडेनऊ वाजता आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका पतसंस्थेच्या लेखापालांचा फोन आला. "साहेब, तेरीज जुळत नाही." तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांची जमा आणि नावे बाजू समान येते का ते दाखवणारा तक्ता. आदल्या संध्याकाळी वर्षअखेर करताना ती पैशापर्यंत जुळली होती. पण रात्रीतून ३१ मार्चच्या तारखेला व्याजाच्या नव्या नोंदी पडल्या होत्या, त्याही बंद केलेल्या वर्षात.

कारण सापडेपर्यंत दुपार झाली. ठेवींवरचं व्याज आकारणारा प्रोग्राम रोज रात्री साडेबाराला आपोआप चालायचा. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, होतं आणि भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे १ एप्रिल उजाडून रात्रीचे साडेबारा होतात, तेव्हा त्या घड्याळात ३१ मार्चचे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. प्रोग्राम सर्व्हरला 'आज तारीख काय' एवढंच विचारायचा आणि मिळालेलं उत्तर नोंदीवर टाकायचा. म्हणजे वर्षभर रोज एक दिवस मागची तारीख पडत होती. रक्कम बरोबर असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही, आर्थिक वर्ष बदललं तेव्हा उघडं पडलं. पुण्यात आमच्या लॅपटॉपवर हे कधीच दिसलं नसतं, कारण लॅपटॉप भारतीय वेळेवर चालतात.

तेव्हा आम्ही सहा डेव्हलपर आणि एक टेस्टर होतो. टेस्टिंग म्हणजे रिलीजच्या आदल्या दिवशी टेस्टरने नेहमीच्या स्क्रीन एकेक करून बघायच्या. ती मन लावून काम करायची, पण रात्री साडेबाराला चालणारा प्रोग्राम दुपारी स्क्रीनवर क्लिक करून कसा सापडणार? तुमच्या टीममध्येही असंच काहीसं चालू असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मोठ्या कंपनीसारखा वेगळा क्वालिटी विभाग लागत नाही, महागडं टूल लागत नाही. झालेल्या चुकांपासून सुरुवात करायची, आणि सापडलेला प्रत्येक बग जाताना मागे एक टेस्ट ठेवून जाईल एवढा नेम पाळायचा. टेस्ट म्हणजे कोड बरोबर वागतो का ते आपोआप तपासणारा छोटा प्रोग्राम. पुढचं सगळं या नेमाभोवती उभं राहतं.

आधी मागच्या तीन महिन्यांचे बग मांडून बसा

नवीन टीमलीडला पहिल्याच आठवड्यात टूल निवडायची घाई होते. ते बाजूला ठेवा. जिरा (बग नोंदवायचं सॉफ्टवेअर), एक्सेल, सपोर्टचा व्हॉट्सॲप ग्रुप, फोन घेणाऱ्याची वही, जिथे जिथे तक्रारी साठल्या असतील तिथून मागच्या तीन महिन्यांच्या सगळ्या एकत्र काढा. प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहा: काय बिघडलं, कोडच्या कुठल्या भागात बिघडलं, आणि आधी कुठे पकडता आलं असतं.

सगळ्या टीमने मिळून हे करायला एक दुपार पुरते. ढीग आपोआप पडतात. आमच्याकडे सर्वांत मोठा ढीग तारखांचा निघाला, दुसरा पैशांच्या राउंडिंगचा, तिसरा मराठी नावांच्या शोधाचा. ज्या रिपोर्टच्या स्क्रीनची आम्हाला सतत धास्ती वाटायची, तिथून जेमतेम दोन तक्रारी होत्या. हे मांडलं नसतं तर पहिले दोन महिने आम्ही त्याच स्क्रीनवर घालवले असते.

'टेस्टसाठी वेळ कुठे आहे' असं मॅनेजर म्हणतात, त्याचं उत्तरही याच यादीत असतं. प्रत्येक बगापुढे तो निस्तरायला गेलेले तास लिहा. फोन, शोधाशोध, डेटा हाताने दुरुस्त करणं, पुन्हा रिलीज, सगळं धरा. एका तेरजेपायी दोन माणसांचे तीन दिवस गेले हे कागदावर दिसलं की बोलणं सोपं होतं.

बग असा लिहा की दुसऱ्याला तो घडवता यावा

'व्याज चुकीचं येतंय, तातडीने बघा.' अशा ओळीवरून डेव्हलपर अर्धा दिवस अंदाज बांधत बसतो आणि शेवटी 'माझ्याकडे तर बरोबर येतंय' असं लिहून बग बंद करतो. मग दोघांत कुरबुर सुरू होते.

तोच बग असा लिहिता येतो: 'मुदत ठेव १०,००० रुपये, दर ८ टक्के, मुदत ९१ दिवस, ठेव तारीख १ जानेवारी २०२४. पावतीवर व्याज १९८.९१ रुपये छापून आलं. संस्थेच्या हिशेबाने १९९.४५ यायला हवं. २०२३ च्या ठेवींना बरोबर येतं.' वाचणाऱ्याला लगेच कळतं की वर्ष ३६५ दिवसांचं धरायचं की ३६६ चं, इथे गडबड आहे. फरक ५४ पैशांचा आहे, पण तो लीप वर्षातल्या प्रत्येक ठेवीवर पडणार.

काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं, कुठल्या आकड्यांवर झालं. एवढं असेल तर पुढची पायरी सोपी होते, कारण नीट लिहिलेला बग म्हणजे अर्धी लिहिलेली टेस्टच असते.

पहिली टेस्ट

यादीतला सर्वांत जास्त तास खाल्लेला बग घ्या. दुरुस्त करण्याआधी तो पकडणारी टेस्ट लिहा. टेस्ट लिहायची तयार साधनं असतात: जावा असेल तर जेयुनिट, पायथन असेल तर पायटेस्ट, जावास्क्रिप्ट असेल तर जेस्ट. निवडीवर चर्चा करत बसू नका, तुमच्या भाषेत जे जास्त वापरलं जातं ते घ्या.

टेस्टचे भाग तीनच: तयारी, कृती, पडताळणी. आमच्या व्याजाच्या बगासाठी तयारी अशी की घड्याळ ३१ मार्च, यूटीसी १९:०० वर थांबवायचं आणि एक ठेव तयार करायची. कृती म्हणजे व्याज आकारणी चालवायची. पडताळणी म्हणजे नोंदीवरची तारीख १ एप्रिल आहे ना. टेस्टचं नावही वाक्यासारखं ठेवा, 'मध्यरात्रीनंतरचं व्याज नव्या तारखेलाच पडतं' असं. सहा महिन्यांनी ती नापास झाली तर नाव वाचूनच काय बिघडलं ते कळलं पाहिजे. 'टेस्ट १', 'टेस्ट २' अशा नावांवरून काहीच कळत नाही.

इथे नवख्यांची पहिली अडचण येते: घड्याळ थांबवायचं कसं? कोड थेट सिस्टिमला वेळ विचारत असेल तर नाही थांबवता येत. म्हणून घड्याळ बाहेरून द्यायचं. जावामध्ये यासाठी क्लॉक नावाचा वर्ग आहे, त्याला ठरावीक वेळेवर गोठवता येतं. पायथनमध्ये फ्रीझगनसारखी लायब्ररी आहे. हा बदल करताना कोडची रचनाही आपसूक सुधारते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. ज्या कोडची टेस्ट लिहिता येत नाही, तो सहसा एका वेळी चार कामं करत असतो.

आता टेस्ट चालवा आणि ती नापास होताना डोळ्यांनी बघा. ही पायरी कधीही गाळू नका. बग असताना जी टेस्ट पास होते, ती बग पकडतच नसते. नापास झालेली बघितली की मग कोड दुरुस्त करा, पुन्हा चालवा, पास होईल. आमची दुरुस्ती दोन ओळींची होती: व्यवहाराची तारीख सर्व्हरच्या घड्याळावरून न काढता आशिया/कोलकाता हा टाइमझोन लावून काढायची. शिवाय बंद झालेल्या आर्थिक वर्षात नोंद पडू द्यायची नाही अशी वेगळी तपासणी घातली, आणि तिचीही टेस्ट लिहिली.

जुना कोड प्रचंड असेल आणि एकही टेस्ट नसेल तर सगळ्याला टेस्ट लावायचा संकल्प करू नका. तो दुसऱ्या आठवड्यात बारगळतो. ज्या फाइलला आज हात लावणार आहात, तिचं आजचं वागणं टिपणाऱ्या दोन-चार टेस्ट आधी लिहा, मग बदल करा. ज्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं कुणी जात नाही, तिथे आज टेस्ट नसली तरी चालेल.

काठावर उभे राहून बघा

बग मधोमध क्वचित असतात, ते काठावर बसतात. किमान ठेव १,००० रुपये असा नियम असेल तर ५,००० टाकून बघण्यात वेळ घालवू नका. ९९९, १,००० आणि १,००१ टाका. त्यासोबत शून्य, उणे रक्कम आणि रिकामी जागाही.

ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जास्त व्याज. वय ६० पूर्ण म्हणजे नेमकं कधी? साठाव्या वाढदिवशी ठेव ठेवली तर वाढीव दर लागतो का? आदल्या दिवशी ठेवली तर? ठेव चालू असताना मध्येच साठ पूर्ण झाली तर? यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं डेव्हलपरकडे नसतात आणि असूही नयेत. ती संस्थेच्या व्यवस्थापकांकडून घ्यायची. टेस्ट लिहायला बसलं की असे प्रश्न कोड लिहिण्याआधी समोर येतात, हा टेस्टचा फायदा मला बग पकडण्याइतकाच मोठा वाटतो.

तारखांचे काठ वेगळ्या वहीत लिहून ठेवावेत इतके आहेत. ३१ जानेवारीला एक महिन्याची ठेव ठेवली, मुदत कधी संपते? २०२५ साल धरा. जावाच्या तारखेत एक महिना मिळवला तर २८ फेब्रुवारी येते. जावास्क्रिप्टच्या तारखेत महिना एकाने वाढवला तर ३१ फेब्रुवारी नसल्यामुळे ती पुढे सरकून ३ मार्च येते. तुमची स्क्रीन जावास्क्रिप्टमध्ये आणि पावती जावामध्ये तयार होत असेल, तर काउंटरवर एक तारीख दिसेल आणि सभासदाच्या हातात दुसरी पडेल. २९ फेब्रुवारी २००८ ला जन्मलेल्या मुलाची अठरा वर्षं २०२६ मध्ये पूर्ण होतात, आणि त्या वर्षी २९ फेब्रुवारी नाही. अज्ञान खातं सज्ञान खात्यात कधी बदलायचं, याचाही नियम लिहून घ्या.

पैशांचं तसंच. संगणकाच्या नेहमीच्या दशांश अपूर्णांकात (फ्लोटमध्ये) ०.१ आणि ०.२ यांची बेरीज बरोबर ०.३ येत नाही, शेपटीला ०.३०००००००००००००००४ असं काहीतरी राहतं. म्हणून रक्कम फ्लोटमध्ये ठेवू नका, पूर्ण पैशांत ठेवा किंवा डेसिमल प्रकार वापरा. राउंडिंगचा नियमही गृहीत धरू नका. पायथनचा नेहमीचा राउंड २.५ चे २ करतो आणि ३.५ चे ४, कारण अर्ध्यावर असेल तेव्हा तो सम अंकाकडे जातो. जावाचा मॅथ राउंड २.५ चे ३ करतो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. संस्थेचा नियम कुठला, हे टेस्टमध्ये लिहिलेलं हवं.

काठाकडे दुर्लक्ष किती महागात पडतं याचं उदाहरण या धंद्यात सगळे देतात, मीही देतो. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं. दिशा सांभाळणारा कोड एरियान ४ वरून जसाच्या तसा आणला होता. त्यात आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटचा आकडा १६ बिटमध्ये बसवला जात होता. १६ बिटच्या जागेत ३२,७६७ च्या वर जाता येत नाही. जुन्या रॉकेटचा वेग तिथपर्यंत पोचत नव्हता, नव्याचा पोचला. 'जुना कोड आहे, इतकी वर्षं चालतोय, त्याला कशाला टेस्ट' हे वाक्य आमच्या बैठकीत आलं की मला हे रॉकेट आठवतं. कोड तोच राहतो, त्यात येणारे आकडे बदलतात.

मराठी नावं, मराठी आकडे

हा भाग परक्या भाषेतल्या मार्गदर्शकात सापडणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एका शाखेत 'कुऱ्हाडे' आडनाव शोधलं तर सभासद सापडायचा नाही. तो यादीत होता, डोळ्यांना दिसत होता. क्लार्कने 'नाहीच' असं समजून त्याच माणसाचं दुसरं खातं उघडलं. कारण 'ऱ्ह' दोन प्रकारे टाइप होतं. काही कीबोर्डवर खाली टिंब असलेला र, मग हलन्त, मग ह. काहींवर साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं एक चिन्ह, आणि मग ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकासाठी मात्र दोन वेगळे शब्द. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी जागतिक पद्धत. तिचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारी प्रक्रिया, लावूनही ते एक होत नाहीत. 'ॲड.' मधल्या ॲ चंही तसंच: काहींकडे ते एकच अक्षर असतं, काहींकडे अ वर चंद्र चढवलेला असतो. शोधण्याआधी आणि साठवण्याआधी दोन्ही रूपं एकाच रूपात आणणारं छोटं फंक्शन लिहा आणि त्याच्या टेस्टमध्ये कुऱ्हाडे, गोऱ्हे, ॲडव्होकेट असे शब्द दोन्ही पद्धतींनी टाइप करून घाला.

लांबीचा घोटाळा वेगळा. 'क्षीरसागर' यात आपल्याला पाच अक्षरं दिसतात. युनिकोडच्या हिशेबाने ती नऊ चिन्हं आहेत आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे सत्तावीस बाइट. डेटाबेसच्या रकान्याची मर्यादा पंचवीस बाइट असेल तर हे आडनाव एकतर बसणार नाही, नाहीतर शेवटचा र तुटेल. एसएमएसचं गणितही लक्षात ठेवा: इंग्रजी अक्षरांचा एक मेसेज १६० अक्षरांचा असतो, मराठी ७० चा. ठेवीची मुदत संपल्याचा मेसेज ७१ अक्षरांचा झाला की तो दोन मेसेजचं बिल लावतो. आम्ही प्रत्येक साच्यात सर्वांत लांब नाव आणि सर्वांत मोठी रक्कम घालून त्याची लांबी मोजणारी टेस्ट ठेवली आहे.

आणि आकडे. रोज दारोदारी बचत गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटने मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून '५००' टाइप केलं तर? पायथन ते सरळ पाचशे म्हणून घेतो. जावास्क्रिप्टला त्यात आकडाच दिसत नाही. स्क्रीन आणि सर्व्हर यांचं एकमत आहे का, ते एका टेस्टने बघा. लाखाचे स्वल्पविरामही त्यातच बघून घ्या, १,००,००० असं यायला हवं.

नमुन्याचा डेटा स्वतः तयार करा. प्रॉडक्शनच्या, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या, डेटाबेसची प्रत लॅपटॉपवर उतरवून त्यावर टेस्टिंग करण्याची सवय अजून पुष्कळ ठिकाणी दिसते. त्यात खऱ्या माणसांचे आधार, पॅन आणि शिल्लक असते, आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आता आहे. काल्पनिक पन्नास सभासद बनवा, त्यांना वरच्या सगळ्या अडचणीच्या नावांनी, वयांनी, तारखांनी सजवा. खऱ्या डेटापेक्षा हे पन्नास जण जास्त बग पकडतात.

कोड लिहिण्याआधी तिघांनी बसा

नवीन काम हातात घेण्याआधी डेव्हलपर, टेस्टर आणि त्या कामातली जाणकार व्यक्ती यांनी अर्धा तास एकत्र बसावं. बोलणं उदाहरणांत व्हावं. 'दामदुप्पट योजना आणायची' यावर तिघेही मान डोलावतात आणि तिघांच्या डोक्यात तीन योजना असतात. '१० जूनला २५,००० ठेवले, चौथ्या वर्षी मोडली, हातात किती द्यायचे?' असं विचारलं की फरक लगेच कळतो. बैठकीत निघालेली पाच-सात उदाहरणं आकड्यांसकट लिहून ठेवा. त्यांच्याच टेस्ट होतात, आणि त्या सगळ्या पास झाल्याशिवाय काम झालं म्हणायचं नाही.

टेस्टरला अगदी शेवटी बोलावण्यापेक्षा इथे बोलवा. आमच्या टीममध्ये 'मुदत संपण्याच्या दिवशी रविवार असेल तर?' हा प्रश्न तिनेच विचारला होता, एकही ओळ लिहिली जाण्याआधी.

टेस्ट आपोआप चालू द्या

आठवणीने चालवायच्या टेस्ट कामाच्या घाईत कुणी चालवत नाही. कोड सर्व्हरवर ढकलला की टेस्ट चालल्याच पाहिजेत. गिटहब ॲक्शन्स, गिटलॅब, जेन्किन्स या आपोआप टेस्ट चालवणाऱ्या साधनांपैकी जे हाताशी असेल त्यात एका दिवसात जमतं. नापास असताना मुख्य ब्रँचमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक कोडमध्ये, मर्ज होणार नाही असं कुलूप त्याच दिवशी लावा. नंतर लावायला गेलात तर विरोध होतो.

आमच्या अनुभवावरून एक गोष्ट आवर्जून करा: सगळ्या टेस्ट दोनदा चालवा, एकदा मशीनचा टाइमझोन यूटीसी ठेवून, एकदा भारतीय वेळेवर. वेगळं उत्तर आलं तिथे बग आहे.

हे सगळं दहा मिनिटांच्या आत आटपायला हवं. अर्धा तास लागला की लोक निकालाची वाट न बघता पुढच्या कामाला लागतात. बिल्ड लाल झाली, म्हणजे टेस्ट नापास झाल्या, तर ज्याच्या बदलाने झाली त्याने हातातलं काम ठेवून आधी ती हिरवी करायची, किंवा आपला बदल मागे घ्यायचा. लाल बिल्ड दोन दिवस तशीच राहिली की टीमची नजर मरते, आणि मग खरा बग आला तरी कुणी बघत नाही.

कधी पास कधी नापास होणाऱ्या टेस्टचं नुकसान असंच होतं. 'ती नेहमीच पडते, पुन्हा चालव' हे वाक्य ऐकू आलं की त्याच दिवशी ती टेस्ट बाजूला काढा, तिच्यावर एकाचं नाव आणि तारीख टाका. आठवड्यात दुरुस्त झाली नाही तर काढून टाका. कारण बहुतेक वेळा तेच असतं: एक टेस्ट दुसरीने ठेवलेल्या डेटावर अवलंबून असते, किंवा ठरावीक सेकंद थांबून स्क्रीन आली असेल असं गृहीत धरते.

स्क्रीनवरच्या टेस्ट मोजक्याच

ब्राउझर आपोआप चालवणारं सेलेनियम किंवा प्लेराइट हाती आलं की सगळंच ब्राउझरमधून तपासायचा मोह होतो. बटण दाबलं जातं, फॉर्म भरला जातो, बघायला छान वाटतं. पण या टेस्ट सावकाश चालतात आणि स्क्रीनवरची जागा बदलली तरी पडतात. व्याजाचं गणित फंक्शनच्या पातळीवर तपासा, तिथे शेकडो टेस्ट काही सेकंदांत होतात. डेटाबेसशी बोलणाऱ्या भागाच्या काही डझन. ब्राउझरमधून फक्त ते मार्ग, जे बंद पडले तर संस्थेचं काउंटर बंद पडेल: लॉगिन, पैसे भरणं, पैसे काढणं, ठेव पावती, दिवसअखेर.

कव्हरेजच्या टक्केवारीवरही, म्हणजे टेस्टमध्ये कोडच्या किती ओळी चालल्या त्या आकड्यावरही, फार विसंबू नका. फंक्शन नुसतं चालवलं आणि उत्तर तपासलंच नाही तरी ती ओळ 'कव्हर' झालेली दिसते. त्यापेक्षा महिन्यातून एकदा हा प्रयोग करा: व्याजाच्या सूत्रात मुद्दाम अधिकच्या जागी उणे करा, किंवा 'पेक्षा जास्त किंवा समान' मधलं 'समान' काढा, आणि टेस्ट चालवा. सगळ्या पास झाल्या तर तिथे टेस्टची नुसती गर्दी आहे, राखण नाही.

रिलीज एका शाखेपासून

किती टेस्ट लिहिल्या तरी काहीतरी निसटणारच, म्हणून बाहेर पाठवण्याची पद्धतही क्वालिटीचाच भाग आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक अपडेट जगभर एकाच वेळी गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. माहितीचे २१ रकाने अपेक्षित असताना २० च आले होते, एवढंसं कारण. तोच बदल आधी थोड्याशा मशीनवर जाऊन थांबला असता तर नुकसान तेवढ्यावर निभावलं असतं. त्याआधी १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेत नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीने नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर चढवला, आठव्यावर राहून गेला. तिथे वर्षानुवर्षं वापरात नसलेला जुना कोड जागा झाला आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून अधिक गेले.

आमच्या आकाराच्या टीमला यातून घ्यायचं ते फार खर्चीक नाही. नवीन आवृत्ती आधी एकाच शाखेला द्या, शक्यतो जिथले लोक न संकोचता फोन करतात अशा शाखेला. तिथे दोन दिवसअखेर नीट पार पडू द्या, मग बाकीच्यांना. सगळ्या सर्व्हरवर तीच आवृत्ती आहे का, हे माणसाने न बघता स्क्रिप्टने बघावं. मागची आवृत्ती परत आणायची पद्धत लिहिलेली असावी आणि तिचा सराव झालेला असावा. न वापरला जाणारा कोड काढून टाका. शुक्रवारी संध्याकाळी आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रिलीज नाही.

बिघडलं तर

बिघाड निस्तरल्यावर दोन-तीन दिवसांत टीमने बसावं, तासाभरासाठी. घटनाक्रम घड्याळाप्रमाणे लिहा: किती वाजता काय झालं, कुणाला कधी कळलं, काय केलं. कुणी केलं हा प्रश्न त्या बैठकीत येऊ देऊ नका. माणसाला दोष लागणार असं दिसलं की तो पुढच्या वेळी चूक झाकतो, आणि झाकलेली चूक ३१ मार्चला वर येते. त्याऐवजी प्रत्येक वळणावर विचारा की कुठली टेस्ट, कुठली तपासणी, कुठला अलर्ट असता तर हे आधी दिसलं असतं. त्यातून निघालेल्या कामांना नाव आणि तारीख लावून ती चालू कामाच्या यादीतच टाका, वेगळ्या यादीत ती पडून राहतात.

तेरजेच्या त्या बैठकीतून आमच्याकडे चार टेस्ट आणि एक अलर्ट निघाला. दिवसअखेर झाल्यावर तेरीज आपोआप जुळवून बघितली जाते आणि एक पैसा इकडेतिकडे झाला तरी रात्रीच मेसेज येतो. पुढच्या १ एप्रिलला सकाळी मी मुद्दाम लेखापालांना फोन केला. त्यांनी तेरीज समोर उघडूनच ठेवली होती.